रेखाच्या नळीसाठी शिवलेली पिशवी

मागच्या दिवाळीनंतर रिसोडला आमच्या घरी मी एक पिशवी शिवायला घेतली. जाड, आतून अस्तर, मध्ये भरण, वरून चौकडीची शिलाई... हल्ली कॉलेजच्या मुली खांद्याला लावतात ना, तशी.

पण ती कॉलेजसाठी नव्हती. माझी धाकटी नणंद रेखा केनवडला दिलेली आहे. तिचं अकोल्याला छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं.

टाक्यांच्या बाजूने एक नळी बाहेर काढलेली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची डबी. जखमेतलं पाणी त्यात साचायचं... लालसर. नर्सने बजावलं होतं की डबी कायम जखमेच्या खाली राहू द्या आणि नळीला हिसका बसू देऊ नका.

सुट्टी मिळाल्यावर रेखा गावी गेली नाही, आमच्याकडे आली. केनवडला गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलेलं. तिच्या मुलीसाठी एक स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं... "आईले कॅन्सर हाये म्हटलं तर पोरीले कोन करून घेईन, वहिनी?" म्हणून आम्हीही तेच खोटं बोलत राहिलो.

डबी ती दुकानातल्या पातळ कॅरीबॅगमध्ये धरून असायची. पहिल्या तपासणीला निघालो तेव्हा बसस्टँडवर दोन बाया त्या पिशवीकडे बघत राहिल्या. आतलं सगळं दिसत होतं... घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं की आता ती अकोल्याला येणार नाही. नळी काढायची बाकी होती, पुढची औषधं बाकी होती, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

दुसऱ्या दिवशी मी मशीन उघडलं. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, असलं काम कधी केलं नव्हतं. वरून निळं सुती कापड, आतून ब्लाउजचं अस्तर, मध्ये जुन्या ब्लँकेटचा तुकडा. तिन्ही थर एकमेकांवरून सरकायचे, म्हणून आधी हाताने कच्चे टाके घातले. मग खडूने तिरप्या रेघा मारून चौकडी शिवली.

पट्टे जोडताना सुई मोडली. एवढ्या जाडीला साधी सुई चालत नाही, हे तेव्हा कळलं... आतमध्ये डबी उभी राहील असा खिसा केला, बाजूला नळीपुरती फट ठेवली. पट्टे लांब ठेवले, म्हणजे डबी खाली राहील. रेखा उठून बसली होती. तिनं पिशवी खांद्याला लावून पाहिली, वरून पदर घेतला आणि आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, जाऊ.

अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी तपासलं. पाणी अजून येत होतं, त्यामुळे नळी त्या दिवशी काढली नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी आणि खिडकीशी एक अनोळखी बाई, आमच्याच वयाची. तिला पिशवी फार आवडली. कुठून घेतली, केवढ्याची... रेखा हसून उत्तरं देत होती. कितीतरी दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

वाटेतल्या मालेगावच्या अलीकडे गर्दी वाढली. जागा व्हावी म्हणून त्या बाईनं चांगल्या मनानं पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. नळी ताणली गेली... रेखाचे डोळे पांढरे झाले. मी पिशवी हिसकावली. बाई घाबरली, काय झालं, काय झालं करू लागली.

मी काहीतरी थाप मारणार होते. पण रेखानंच पिशवीचं तोंड उघडून तिला आत दाखवलं. "छातीचा कॅन्सर हाये, बाई. एक बाजू काहाडली माही."

पुढच्या सीटवरच्यांनी माना वळवल्या. ती बाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं रेखाच्या कानाशी तोंड नेलं... "माह्याही हाये गाठ. दुखत नाही, म्हून कोनालेच सांगतलं नाही."

उतरताना रेखानं तिचा नंबर घेतला. नंतर आपलं केमो चालू असताना, उलट्या होत असताना, ही तिला फोन करायची. गेली का? दाखवलं का? ती आज-उद्या करायची, रेखा पुन्हा लावायची. शेवटी तिनं दाखवलं. कॅन्सरच निघाला, पण लहान होता. तिचंही ऑपरेशन झालं.

बसमधली गोष्ट गावात पोहोचायला वेळ लागला नाही. ते स्थळ गेलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आणि उन्हाळ्यात रेखाची पाठ दुखायला लागली... आजार हाडात गेला होता.

मागच्या रविवारी मी केनवडला होते. रेखा आता पलंगावरून उठत नाही. दुपारी ती बाई आली. डोक्यावर बारीक बारीक केस उगवलेले, हातात संत्री. रेखाच्या पायाशी बसून पाय चेपत राहिली. जाताना ती दारात थबकली आणि मला म्हणाली, रेखाताईनं फोन केला नसता तर मी आजूनही लपवतच राह्यली असती.

ती गेल्यावर रेखा म्हणाली, "तुमी लिहिता ना मोबाईलवर? मग लिहा, वहिनी. नावासकट लिहा. मलेही दुखत नव्हतं, म्हून मी वरीसभर गप राह्यली."

संध्याकाळी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मुलीच्या स्थळाचा भाग आला तेव्हा मी थांबले, हे काढू का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली... नको. आता काय लपवायचं?

म्हणून तिनं सांगितलं तसंच, काहीही न काढता इथे ठेवतेय. तुमच्या घरातल्या बायांना वाचून दाखवाल तर रेखावर आणि माझ्यावर उपकार होतील.