मागच्या दारानं जाणारं पाणी

आमच्या गावात पाणी घरात शिरलं म्हणून कुणी बोंब मारत नसे. आज तिथी कुठली ते आठवायचं, ओहोटी कधी लागेल ते सांगायचं आणि चहा ठेवायचा. करंजाड्याकडून गव्हाणला जाताना खाडीच्या अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि डोंगराचं पाणी एकदम आलं की घोट्याएवढं पाणी घरात यायचं. ओहोटी लागली की आई मागचं दार सताड उघडायची आणि खराट्यानं पाणी लोटत त्याच्याशी बोलायची. "चल बाय, झाला पावनचार. आता तुज्या घरा जा." वर दारात मूठभर तांदूळ टाकायची, माहेरवाशिणीची पाठवणी करावी तशी. मला हसू यायचं.

पाणी जायचंही निमूट. मागं आमची भातखाचरं, त्यांच्या पुढं खाडीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरतीला ते आपोआप मिटायचं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या भारानं उघडायचं. आमच्या आजा-पणज्यांनी खाडी अडवूनच शेती केली, ते काही साधुसंत नव्हते. पण अडवताना पाण्याला दार ठेवायची अक्कल त्यांना होती.

मग खाचरं सरकारी प्रकल्पात गेली. त्यांवर मुरूम पडला. डंपर आमच्याच भावकीतल्या पोरांचे, दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ. भराव आमच्या जोत्याच्या वर गेला, ओढ्याच्या जागी पाइप आला, आणि उघाडी नेमकी कुठं गाडली गेली तेही आता दाखवता येत नाही.

मी लग्न होऊन करंजाड्यात, फ्लॅटमध्ये. वडील गेल्यावर आई एकटी राहिली. माझ्याकडे ये म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरा येवाचं, जावाचं. ऱ्हावाचं नाय." आपल्या घरात मरायचं, एवढंच तिनं आयुष्यात स्वतःसाठी मागितलं होतं. मी चिडायचे. हट्टी बाई, दुसरं काय.

गेल्या पावसाळ्यात फोन केला तर म्हणाली, "पानी आलंय. दुपारी ओहोटी हाय, जाईल." मला राहवेना, मी गेले. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. वेळ झाल्यावर खाली उतरली, खराटा घेतला, मागचं दार उघडलं. पाणी बाहेर जायचं सोडून भरावावरचं तांबडं पाणीच आत आलं, तिच्या पोटऱ्यांपर्यंत. तिनं लोटलं, ते परत आलं. "चल बाय," म्हणत तिनं पुन्हा लोटलं. खाडीत ओहोटी लागलेली होती. तिचा हिशेब चुकला नव्हता. मी तिच्या हातातून खराटा घेतला तेव्हा मला रडू आवरत नव्हतं.

ती दारातून मागं सरली. मग म्हणाली, "हिला जावाला वाट नाय ठेवली. मग मीच जाते."

तेव्हापासून ती माझ्याकडे असते. जावयासमोर खुर्चीच्या कडेला बसते, चहासुद्धा मागून घेत नाही. तिची पिशवी अजून भरलेलीच आहे. परवा मी बाल्कनी धुऊन पाणी खराट्यानं जाळीकडे लोटत होते. ती मागं येऊन उभी राहिली.

"लोट बाय," म्हणाली. "तिला तरी तिच्या घरा जाऊ दे."