जावेच्या कढईतला जाळ

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवाळीत माझ्या हातातला झारा गेला. कोणी हिसकावून घेतला असं नाही. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तिनं केलेला कांद्याचा चिवडा चाखला आणि पुढच्या वर्षीपासून तळणाचं हिच्याकडेच राहू द्या, असं सहज सांगून टाकलं. तोवर घरातलं सगळं तळण मी करत होते. चकल्या, शेव, शंकरपाळे, आबांच्या आवडीच्या साबुदाण्याच्या पापड्या. माझ्या तळणाला कोणी कधी नावं ठेवली नव्हती. पण कोणी कौतुकही केलं नव्हतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

आम्ही इंदिरानगरला एकाच इमारतीत राहतो. आमचा फ्लॅट खाली, दिराचा वर. आबा राहतात आमच्याकडे, पण दुपारच्या चहाला वर जातात. जाऊ चांदवडची. माहेरून आलेला कांदा ती पातळ चिरते, गच्चीवर चादरीवर पसरून वाळवते आणि मग तळते. तो तांबूस, कुरकुरीत कांदा चिवड्यात पडला की डब्याचं झाकण लागत नाही. माझा नवरा तो डबा ऑफिसात नेतो आणि ‘घरचा आहे’ म्हणून वाटतो. एकदा मी तिच्याच कांद्याचा, तिनं सांगितला तसाच चिवडा करून दिला. डबा अर्धा परत आला. आज बरेच जण रजेवर होते, असं तो म्हणाला.

मी सातपूरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. जाऊ घरी असते, तिला वेळ मिळतो म्हणून जमतं, अशी मी माझी समजूत घालत असे. मग तिनं शिकवण्या सुरू केल्या, दुपारभर मुलं यायला लागली, तरी चिवडा होता तसाच. मी तिच्यात खोडी काढत बसायचे. झारा आपटते, कढई काठोकाठ भरते, ओटा उशिरा पुसते. पण बोलून दाखवायची सोय नव्हती. ऐकणारा काय म्हणेल, ते मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून राहिलं आणि कांदा काही नीट वाळेना. रविवारी सकाळी जावेनं मला मदतीला वर बोलावलं. आबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी थोडा कांदा मुठीत दाबून पाहिला तर बोटं ओली झाली. अजून ओलसर आहे, पंख्याखाली ठेवू या का, असं मी विचारलं. तिनंही हातात घेऊन पाहिला आणि ती जरा घुटमळली.

तेवढ्यात आबा म्हणाले, “टाक तू. तुला कळतं.”

मी मान खाली घालून पोहे चाळायला घेतले. मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही आबांच्या तोंडून असे शब्द आले नव्हते.

तिनं मोठी मूठ भरून कांदा तेलात सोडला. तेल फसफसलं, फेस भराभर वर आला आणि काठावरून थेट बर्नरवर उतरला. भक्कन जाळ झाला. तो कढईच्या कडेनं वर चढला आणि बघता बघता कढईतलं तेलही पेटलं. जाऊ मागे सरली. तिच्या मनगटावर तेल उडालं होतं. दीर बाहेरून धावत आला आणि त्यानं पिण्याच्या पाण्याचं भरलेलं पातेलं उचललं.

आमच्या कंपनीत दर वर्षी आग विझवायचं प्रात्यक्षिक असतं. मैदानात कढईभर तेल पेटवतात आणि लांब काठीला बांधलेल्या डब्यानं त्यात पाणी ओततात. जाळ माणसाच्या डोक्यावर जातो, जळतं तेल चहूकडे उडतं. आम्ही लांबून बघतो आणि चहा प्यायला जातो. ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी दिराचा हात घट्ट धरला.

“पाणी नको. तेल पेटलंय.”

तो थांबला. शेगडीच्या बटणांपाशी जाळ होता, तिथं हात घालणं शक्य नव्हतं. मी वाकून ओट्याखालचा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. चिवडा कालवायला काढलेली स्टीलची मोठी परात उचलली, अंगापासून लांब, आडवी धरली आणि अलगद कढईवर सरकवली. ओट्यावर सांडलेलं तेल तेवढं जळत होतं, त्यावर मिठाची बरणी रिकामी केली. थोड्या वेळानं नुसता धूर उरला. दीर परात उचलून आत बघायला निघाला, तेव्हा मी त्याला अडवलं. कढई पुरती गार होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हवा लागली की परत पेटेल, असं सांगितलं.

मग सगळे जावेभोवती जमले. आबा टूथपेस्ट शोधायला लागले. मी म्हटलं काही लावू नका, नळाखाली हात धरू द्या. शेजारच्या बायका आल्या. बिचारी किती घाबरली, थोडक्यात वाचली, असं सगळ्या म्हणत होत्या. मी ओट्यावरचं काळं मीठ खरवडत होते. तिच्या ओट्यावर लागलेली आगसुद्धा तिचीच झाली होती. माझ्या हातावरची लव करपली होती, ती घरी येऊन अंघोळ करताना मलाच दिसली. त्या दिवशी मला तिचा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता. रागावण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं, त्यामुळे तो आणखी वाढला.

पुढं ऊन पडलं, कांदा खडखडीत वाळला. मनगटाला पट्टी बांधलेली जाऊ तो कांदा घेऊन खाली आली आणि दारातच उभी राहिली.

“ताई, तुम्ही तळता का? माझा हात धजत नाय.”

मी कढई अर्धीच भरली, आच मध्यम ठेवली. चिमूट चिमूट कांदा सोडत गेले. ती झाकण हातात धरून माझ्या बाजूला उभी होती. कांदा पिवळसर होताच ती म्हणाली, आता काढा, बाहेर काढल्यावरही रंग चढत राहतो. मी तांबूस होईपर्यंत थांबत असे, म्हणून माझा कांदा कडवट व्हायचा. हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

संध्याकाळी आबांना वाटीत चिवडा दिला. खाता खाता त्यांनी मान डोलावली. कांदा छान उतरलाय, धाकटीच्या हाताला चवच वेगळी, असं ते म्हणाले. मला ते अपेक्षितच होतं.

“आबा, कांदा ताईंनी तळलाय,” जाऊ म्हणाली. “आणि त्या दिवशी त्या नसत्या, तर आपली दिवाळी दवाखान्यात झाली असती.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. वाटी पुढे केली. मी ती भरली. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जाऊ तेवढं बोलून चहात साखर घालायला वळलीसुद्धा होती. मला कसं वाटलं, हे बघायलाही थांबली नाही. तिच्या जागी मी असते, तर ते कौतुक मुकाट्यानं ठेवून घेतलं असतं. चिवडा मला आता जमला होता. हे मात्र मला जमणार नव्हतं, आणि त्याबद्दलच मला तिचा सगळ्यात जास्त हेवा वाटला.