सर घरी येऊन गेले

संपदा तोरस्कर वसईत गोखिवऱ्याला राहते. अंधेरीच्या एका विमा कंपनीत ती दावे तपासायची आणि फर्डिनंड तुस्कानो तिचे साहेब होते. दोघंही वसईचे, म्हणून ऑफिसातही घरोबा होता. नाताळात सरांच्या घरचा केक यायचा. संपदाच्या लग्नाच्या रजेवर त्यांनी अर्ज न वाचता सही केली होती.

मग काम घरून सुरू झालं आणि कंपनीने अंधेरीची जागाच सोडली. संपदाला बरं वाटलं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायू झाला होता, नवरा कारखान्यात. दुपारी आबांना पेज भरवायची, कूस बदलून द्यायची आणि राहिलेलं काम संध्याकाळी उरकायचं. एकही दावा मागे पडत नव्हता. पण हात थांबला की लॅपटॉपवर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा व्हायचा आणि सरांचा मेसेज यायचा, "कुठे आहेस?" याच माणसाने एकेकाळी तिला हातातलं काम ठेवायला लावून जेवायला उठवलं होतं.

एका दुपारी सर दारात उभे. हातात वेलची केळी.

"इथे जवळच काम होतं. म्हटलं, डोकावून जावं."

संपदाला भरून आलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी आपलं माणूस आलं होतं. तिने चहा टाकला, पोहे केले. सरांनी आबांचा हात हातात घेतला, विचारपूस केली. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "बसतेस कुठे कामाला?"

"इथेच, आबांच्या खाटेजवळ. हाक मारली की उठता येतं."

"तुझी ओढाताण होत असेल गं."

एवढं कोणी विचारलंच नव्हतं. संपदा बोलत सुटली. आबांचं सगळं अंथरुणातच, बाई ठेवणं परवडत नाही, मधेच उठावं लागतं. सर मान हलवत ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात तिला मीटिंगला बोलावलं. एचआरची मुलगी एकेक वाक्य वाचून दाखवू लागली: कामाच्या वेळेत रुग्णाची सेवा, स्वतंत्र खोली नाही, वारंवार जागेवरून उठणं. सरही मीटिंगमध्ये होते, पण त्यांचा कॅमेरा बंद होता. शेवटी तिला राजीनामा द्यायला सांगितलं.

संपदाने सरांना फोन लावला.

"वरून विचारणा होती, संपदा. मलाही नोकरी टिकवायचीय."

"विचारणा वरून आली असेल, सर. पण चहाला तुम्ही आला होतात."

एवढं बोलून तिनेच फोन ठेवला.

चार महिने रिकामे गेल्यावर दुसरी नोकरी मिळाली, तीही घरूनच. नवा मॅनेजर गुडगावला असतो. तिने त्याला अजून पाहिलेलं नाही. घरी कोण कोण असतं, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवरा आणि मी. टेबल आता तिने स्वयंपाकघरात नेलंय.

परवा कॉल चालू असताना आबांना खोकल्याची उबळ आली.

"पीछे कौन है?" मॅनेजरने विचारलं.

"बाजूवाले हैं, सर. दीवार पतली है."

मधल्या दाराला फक्त पडदा आहे. आबांनी ऐकलं. कॉल संपल्यावर संपदाने पेजेचा चमचा पुढे केला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ती चमच्यामागून चमचा भरवत राहिली.