सुनेने बसवलेलं चौथं मशीन

माझी सून परळच्या एका लॅबमध्ये सर्व्हर सांभाळते. रक्त, लघवी, थुंकी तपासतात ती लॅब. ती नोकरीला लागली तेव्हा सर्व्हर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तीस वर्षं लालबागला मसाल्याच्या कांडपावर मिरच्या भाजल्या, खोकले आणि घर चालवलं. सर्व्हरवाचून काही अडलं नाही.

पण आमचं घर दीड खोलीचं. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते, तेव्हा ओट्यापासून तिची खुर्ची हातभर लांब असते. कान काही मिटता येत नाहीत. त्यामुळे जे कळलं ते लिहिते आहे.

लग्नाआधी ती ह्याच कामात होती. मुलं झाली आणि दहा वर्षं घरी बसली. मी बसवली असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही. मला सकाळी सातला कांडपावर निघावं लागे, मुलगा ड्रायव्हर, त्याचा पत्ता नसायचा. मुलांना बघणार कोण? पुढे माझे गुडघे गेले, मी घरी बसले, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता तुम्ही आहात घरात. मी परत लागते." चार ठिकाणी नकार आले. मधली दहा वर्षं काय केलंत, असं विचारायचे. लॅबने घेतली, पण बोली अशी की सहा महिने काम बघू आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवू.

चौथ्या महिन्यात तिथली मशीनं अडकायला लागली.

तिथे तीन मोठी मशीनं आहेत. एकेकाच्या पोटात आठ-दहा मशीनं राहतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. एक रिपोर्ट ठेवतं, एक छापतं, एक पेशंटच्या फोनवर पाठवतं. आपल्या चाळीसारखं, असं तिने मला समजावलं. इमारत एक, बिऱ्हाडं वेगळी. इमारतीलाच काही झालं की सगळ्या बिऱ्हाडांची पंचाईत. तसं मोठं मशीन दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं आणि काउंटरवर रिपोर्टसाठी आलेली माणसं ओरडायची. मग लॅबमधला कोणीतरी आत जाऊन मशीन बंद करून परत चालू करायचा.

खरा घोळ त्यातच होता. मशीन आपण काय करतोय, काय दुखतंय, ते सारखं लिहून ठेवत असतं. त्याला लॉग म्हणतात. पण ह्या मशीनांचं लिहिणं अशा जागी होतं की बंद करून चालू केलं की सगळं कोरं. म्हणजे आधी जखम धुऊन पुसून टाकायची आणि मग विचारायचं, रक्त कुठून येत होतं?

तिच्या साहेबाने मात्र उत्तर शोधून ठेवलं होतं. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"मॅडम, तुम्ही यायच्या आधी हे होत नव्हतं."

"सर, आधी होत असेल तर त्याची नोंदच नाहीये ना."

"नोंद नाही म्हणजे झालं नाही."

मी ओट्यावरून म्हटलं, "काय शहाणो आसा." सुनेने घाईने फोनवर हात धरला.

तिने साहेबाकडे एक जुना, अडगळीतला कॉम्प्युटर मागितला. तो चौथं मशीन करायचा. त्याने दुसरं काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. तिन्ही मोठ्या मशीनांनी आपलं लिहिणं घडल्याबरोबर ह्याच्याकडे पाठवायचं. मग तिकडे कोणी काही बंद करो, चालू करो, इकडची नोंद शाबूत.

मला हे पटकन समजलं. कांडपावर गिऱ्हाईक आपला मसाला कुटून होईपर्यंत मशीनसमोर स्टूल टाकून बसतं. तुमच्या मिरच्या तुम्हालाच दिल्या असं आम्ही शंभर वेळा सांगितलं तरी ते मानत नाही, स्वतः बघतं. मी तिला म्हटलं, "म्हणजे तू मशीनसमोर गिऱ्हाईक बसवलंस."

"अगदी तसंच, आई. आणि हे गिऱ्हाईक चहाला पण उठत नाही."

बसवायला एक दुपार गेली. तिन्ही मशीनांना चौथ्याचा पत्ता द्यावा लागतो. दोन मशीनं लगेच बोलायला लागली, तिसरं गप्प. तासभर ती पत्ता तपासत होती. पत्ता बरोबर होता. मग सापडलं की त्या मशीनचं बाहेर पाठवायचं दार आतून बंद होतं. ते उघडलं आणि काळ्या पडद्यावर ओळी धो धो यायला लागल्या. ती खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागली. चाळीस वर्षांची बाई. मी विचारलं, "एवढ्या ओळी वाचणार कोण?"

"सगळ्या नाही वाचायच्या. लाल ओळीसुद्धा रोज शंभरेक असतात, त्या अशाच असतात, त्यांचं काही नसतं. मशीन अडकलं ती वेळ धरायची आणि तेवढ्याच वेळेतलं वाचायचं."

लॅबमधल्यांना तिने हात जोडून सांगितलं, आता मशीन अडकलं तर बंद करू नका, पाच मिनिटं थांबा. त्यांनी ऐकलं. मशीन खरंच आपोआप सुटायचं. वेळ लिहायला मात्र तिकडे कोणाला सवड नव्हती, त्यांच्यापुढे रांग. म्हणून वेळ सूनच लिहायची. मंगळवारी एकदा, बुधवारी दोनदा मशीन अडकलं. दोन्ही दिवस ती घरी होती. पडद्याच्या कडेला एकेका मशीनचा हिरवा ठिपका असतो, मशीन अडकलं की तो पिवळा होतो. ठिपके पिवळे झाले की ती मान वर करायची आणि नातवाच्या जुन्या वहीत वेळ लिहायची. सहा महिने शुक्रवारी संपत होते.

बुधवारी संध्याकाळी तिने तिन्ही वेळा तपासल्या. काहीच नव्हतं. मशीन अगदी ठणठणीत असल्याच्या ओळी. मशीनं लिहितात ती वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागची असते म्हणे, म्हणून तिने बेरीज-वजाबाकी कागदावर तीनदा केली. तरी तेच.

गुरुवारी ती सुट्टी टाकून घरीच राहिली आणि दुपारी साहेबाचा फोन आला. मी बांगडे साफ करत होते.

"मॅडम, तुमच्या त्या चौथ्या बॉक्समध्ये काहीच नाही. मशीन फिट आहे, तुमचाच बॉक्स सांगतोय. मग प्रॉब्लेम कुठे आहे? आता मी वरती काय सांगू?"

"सर, चार चाळीसला मी स्वतः बघत होते. सगळं पिवळं झालं होतं."

"चार चाळीसला काही नाहीये. उद्या मला तुमच्याबद्दल लिहून द्यायचंय. बघा काय ते."

फोन ठेवून ती म्हणाली, "आई, मला आता ह्यातलं येत नाही बहुतेक. दहा वर्षांत सगळं पुढे गेलं." रडली नाही. पण भात करपला तरी उठली नाही.

माझा हात बांगड्यावरच थांबला होता. चार चाळीस. बुधवारी तिने मान वर केली ती भिंतीवरच्या घड्याळाकडे.

आमचं घड्याळ पहिल्यापासून दहा मिनिटं पुढे असतं. नळाला पाणी यायच्या आधी बाई उठावी म्हणून माझ्या सासूने लावलं, ते तसंच राहिलं. घरातलं पोरसुद्धा ते बघून मनातल्या मनात दहा वजा करतं. आणि वजा करून सगळे निवांत उशिरा निघतात. नातवाच्या शाळेतून उशिराची चिठ्ठी आली तेव्हा मला राग आला. त्याच्या आदल्या रविवारी घरात कोणी नसताना मी स्टुलावर चढले, गुडघा धरून, आणि काटा आणखी पंधरा मिनिटं सरकवला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही वजा केलं असतं.

खरं लिहायचं तर मी लगेच बोलले नाही. बांगडे धुतले, मीठ लावलं. म्हटलं, नोकरी गेली तर घरी बसेल, बसली होतीच की दहा वर्षं. मग तिच्याकडे बघितलं. ती वहीचं पान उघडून परत साडेपाच तासांची वजाबाकी करत होती, चौथ्यांदा.

मी विचारलं, "वेळ कुठे बघून लिहिलीस?"

"कुठे म्हणजे? ह्या घड्याळात. दहा वजा करून."

"पंचवीस कर."

"काय?"

"पंचवीस कर वजा. मी सरकवलंय रविवारी."

ती खुर्चीतच माझ्याकडे वळली. "आई!"

"ओरडू नको. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वेळ असते ना? ती का नाही बघितलीस?"

"अख्खा पडदा भरून ओळी होत्या, कोपरा दिसतो कुठे! आणि घड्याळ समोरच आहे. हाताला सवय... आई, तुम्ही म्हणजे ना!"

पण तोवर तिची बोटं चालू झाली होती. चार चाळीसच्या जागी चार पंचवीस. पडदा सरकला आणि तिने एका ओळीवर बोट ठेवलं. मग मंगळवारची वेळ, मग बुधवारची दुसरी. तिन्ही ठिकाणी तीच लाल ओळ, एकाच मशीनची. मोठ्या मशीनपासून, सगळ्या बिऱ्हाडांचं सामान ठेवतात त्या वेगळ्या डब्यापर्यंतची वाट तुटली आणि दोन मिनिटांनी पुन्हा जुळली. तिने काही बिघडवलं नव्हतं. वायर किंवा ती खोचतात ती जागा ढिली होती.

मी म्हटलं, "साहेबाला सांग, सासूने घोळ घातला. मला काय, मला कोण कामावरून काढणार?"

तिने फोन लावला. "सर, वेळ मी चुकीची लिहिली होती. घरातलं घड्याळ पुढे होतं. बरोबर वेळेच्या तीन ओळी पाठवल्यात, बघा."

"घरातलं घड्याळ? मॅडम, तुम्ही सर्व्हरची वेळ भिंतीवर बघता?"

"हो सर. पुन्हा नाही बघणार. पण ओळी बघा."

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तिन्ही वेळेला एकच केबल?"

"एकच, सर."

माझं नाव तिने घेतलं नाही. मी काही तिचे आभार मानले नाहीत, पण बांगड्याचा मधला तुकडा त्या दिवशी तिला वाढला.

शुक्रवारी वायर बदलली. साहेबाने तिच्याबद्दल लिहून द्यायचं पंधरा दिवस पुढे ढकललं, कारण वायरीनेच बरं होतंय का ते त्याला बघायचं होतं. माणूस आखडू आहे, पण हे त्याचं बरोबर होतं. पंधरा दिवसांत मशीन एकदाही अडकलं नाही. सोळाव्या दिवशी कायम केल्याचं पत्र आलं. तिने मला वाचून दाखवलं. मला वाचता येतं, तरी वाचू दिलं.

आता लॅबच्या दादरच्या शाखेतली दोन मशीनंही तिच्या चौथ्या मशीनला जोडायची आहेत. ते काम साहेबाने तिलाच दिलंय. आज सकाळी ती तिकडेच गेली. जाताना दारातून म्हणाली, "आई, तिकडची दारं पण आतून बंद असणार बहुतेक. उशीर होईल."

मी म्हटलं, "होऊ दे. मुलांचं मी बघते."