नातीची गाडी आणि माझं नाव

आमच्या वडिवळ्यात ज्यानं ज्यानं बंगलेवाल्याला जमीन विकली, त्याच्या दारात एकेक उंच पांढरी गाडी उभी आहे. काचेवर पोराचं नाव, अंगावर ताडपत्री आणि टाकीत नुसता वास. मालक संध्याकाळी ताडपत्री काढतो, गाडी पुसतो, चार माणसं बघून गेली की पुन्हा ताडपत्री घालतो. मी जमीन विकली नाही, म्हणून माझ्या दारात गाडी नव्हती. जमीन राखल्याचा मला अभिमान होता आणि त्या गाड्या बघून पोटात दुखायचंही. खोटं कशाला लिहू?

माझी नात एकोणीस वर्षांची. तळेगावच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकते. तिची हजेरी सकाळी सहाला, आणि त्या वेळेला आमच्या गावातून कामशेत स्टेशनला जायला काही मिळत नाही. वर्षभर ती स्कूटरवर गेली. मागच्या पावसाळ्यात पुलाजवळच्या चिखलात घसरली आणि कोपर सोलून घरी आली. सूनबाईनं हळद लावता लावता सांगून टाकलं, "आता चारचाकी घ्या, न्हाईतर हिचं शिक्षण बंद." मुलगा कारखान्यात पाळीला जातो. घरात कुणीही काही बोललं तरी तो मान डोलावतो. तेव्हा गाडी बघायचं काम माझ्याकडं आलं.

मी नातीला पहिल्यांदा खंडाळ्याला नेलं. तिथल्या एका बंगल्याचा माळी माझ्या ओळखीचा. त्याच्या शेठला जुनी गाडी काढायची होती. काळी, डोंगराएवढी. शेठ वर्षातनं दोनदा येणार, तेवढ्यापुरती ती चालणार. बघताक्षणीच मी ठरवलं, हीच. हिच्यात बसलं की गावातल्या समद्या पांढऱ्या गाड्यांचे टप वरनं दिसले असते.

नातीनं दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. पायातली चटई उचलली. खाली पांढरी बुरशी, आणि दाबलं की पाणी वर येत होतं.

"आबा, हितं इंद्रायणी भात लावता येईल. चिखलणीचा खर्च वाचला."

माळी म्हणाला, "पंधरा दिवस ऊन दाखवलं की सगळं जातंय, ताई."

"खंडाळ्यात? पंधरा दिवस? ऊन?"

मी म्हणालो, "गाडी कशी दणकट हाय ते बघ. कुणी ठोकलं तर त्याचाच चुरा व्हईल."

"आबा, मला कुणाचा चुरा करायचा न्हाई. मला दवाखान्यात जायचंय."

मग ती गाडीखाली आडवी झाली, मोबाईलचा उजेड पाडला आणि किल्लीनं पत्रा खरवडला. बाजरीच्या शिळ्या भाकरीसारख्या खपल्या पडल्या. तरी मी माळ्याला म्हणालो, "चालू तर कर." त्यानं चावी फिरवली. गाडी टक् म्हणाली. पुन्हा फिरवली, तेव्हा टक् पण म्हणाली नाही. माळी म्हणाला, "बॅटरी रुसलीय." घरी येईस्तोवर नात माझ्याशी बोलली नाही, पण गालातल्या गालात हसत होती. ते मला जास्त लागलं.

दुसरी गाडी तिनंच शोधली. परंदवडीच्या एका मास्तरांची. लाल, टोमॅटोएवढी, पण पुढं दोन हवेच्या पिशव्या असलेली. ठोकर बसली की त्या फुगतात आणि माणूस वाचतो, असं तिनं मला दोनदा समजावलं. मास्तर रोज तिच्यातनं शाळेत जायचे. नऊ वर्षांची तेल बदलल्याची बिलं त्यांनी तारीखवार फाईलला लावली होती. मी आत बसलो तर गुडघे हनुवटीला.

"लहान वाटतीय," मी म्हणालो.

मास्तर म्हणाले, "भाऊ, गाडी माणसाच्या मापानं घेतात, मानाच्या मापानं नाही."

मास्तरांना बोलायची सवय असते. मी सोडून दिलं. नातीला एकच अट घातली, "घे हीच. पण गाडी माझ्या नावावर."

आता हे नावाचं प्रकरण जरा सांगितलं पाहिजे. सातबारा माझ्या नावावर. घरपट्टी माझ्या नावावर, विजेचं बिल माझ्या नावावर. गॅसचं कनेक्शनसुद्धा माझ्या नावावर, आणि मी आयुष्यात कपभर चहा केलेला नाही. रेशनकार्डावर मात्र सरकारनं सूनबाईला कुटुंबप्रमुख करून ठेवलंय. ते कार्ड मी कपाटात पालथं ठेवतो. माझ्या बहिणीनं वडगावच्या कचेरीत जमिनीच्या हक्कसोडावर सही केली, तेव्हा मी तिला हिरवी साडी घेतली. आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली, आणि एसटीत बसताना ती म्हणाली, "दादा, तुझं घर भरल्यालं राहू दे." आमच्याकडं अशी रीत आहे. तिला साडीचा रंग कुठला पाहिजे, एवढंसुद्धा मी विचारलं नव्हतं.

त्याच बहिणीचा मुलगा लोणावळ्यात विम्याचा एजंट आहे. तालुक्यात प्रत्येकाचा एक भाचा विम्याचं काम करतो, तसा माझाही. तो रविवारी मोबाईल घेऊन आला आणि ओट्यावर बसला. सूनबाईनं चहा आणून ठेवला.

भाच्यानं सुरुवात केली. स्वस्त विमा घेतला तर आपण ज्याला ठोकू, त्यालाच पैसे मिळतात. आपल्या गाडीला काही नाही.

"म्हंजी हप्ता आमी भरायचा आणि पैसा त्याला?"

"कायदाच आहे, मामा."

"मग कुणी आमाला ठोकावं, हेच बरं."

"म्हणून तर पूर्ण विमा घ्या. पाण्यात इंजिन बंद पडलं तर त्याचा वेगळा जोड आहे. चावी हरवली तर वेगळा. टायरचा वेगळा."

"डायवरचं डोकं फिरलं तर त्याचा हाय का?"

नात म्हणाली, "तो आबांच्या नावावर घ्या, काका."

पाण्याचा जोड मी घेतला. जुलैत आमचा रस्ता आणि ओढा यांतला फरक फक्त जुन्या माणसाला कळतो. चावीचा घेतला नाही. आमच्या घरात चावी माझ्या कमरेला असते.

मग त्यानं विचारलं, "मालकाचं लायसन?"

मी आतून लायसन आणलं. जुनं वहीसारखं, माझ्या काळ्या मिशांच्या फोटोचं. कामशेत ते पवनानगर मी वीस वर्षं जीप चालवली. आत चौदा, टपावर सहा आणि मडगार्डवर एखादा पाव्हणा. एकाला खरचटलं नाही.

भाच्यानं पान उलटलं. "मामा, हे संपून दहा वर्षं झाली."

"संपलं म्हंजी? मी गाडी चालवायची इसरलो का?"

"पुन्हा का नाही काढलं?"

"डोळे तपासून आणा म्हनले. माझे डोळे! काल शिकल्याला डाक्टर मला पाटीवरची अक्षरं वाचायला लावणार!"

"मग गाडी तुमच्या नावावर घेऊ नका."

"का?"

तो मोबाईल बाजूला ठेवून नीट बोलायला लागला. म्हणाला, या विम्यात जिवाचा एक भाग असतो, पंधरा लाखांचा. गाडी चालवताना काही झालं तर मिळतो, पण फक्त मालकाला, आणि त्याच्याकडं चालू लायसन असेल तरच. गाडी तुमच्या नावावर केली तर तुम्हाला तो मिळत नाही, कारण लायसन नाही. आणि पोरीला मिळत नाही, कारण ती मालक नाही. "रोज पहाटे चालवणार ती. वरून छोटा जोड घेता येईल, पण तो छोटाच. तिच्याकडं लायसन आहे, तिच्या नावावर गाडी केली तर पूर्ण मिळतो. बघा बुवा, नाव पाहिजे का पोरीची सोय."

तो हळूच म्हणाला, "नावाचं एवढं काय असतं, मामा? आमच्या आईनं तर एका सहीत सोडलं."

मी रागानं त्याच्याकडं बघितलं, पण तो रागावलेला नव्हता. बिस्कीट चहात बुडवत होता.

नात म्हणाली, "राहू द्या, काका. आबांच्याच नावावर करा. मी सावकाश चालवीन."

ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ती माझ्या नावासाठी सावकाश चालवणार होती, आणि समोरून येणारा डंपर काही माझं नाव वाचून सावकाश येणार नव्हता. मी उठलो, ओट्याच्या कडेला जाऊन थुंकलो आणि परत येऊन बसलो.

"तिचं टाक," मी म्हणालो. "लायसनसाठी मी काय डोळे तपासणार न्हाई. मंग करणार काय?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. हसली नाही. हुशार आहे.

भाच्यालाही माझी दया आली असावी. तो म्हणाला, "मामा, तुमचं नाव नॉमिनीत टाकू. तेही कागदावर छापून येतं. नाव, वय, नातं." मला बरं वाटलं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. वय माहीत नव्हतं, ते आधारवर होतं तेच सांगितलं. त्यानं टाईप केलं आणि मला दाखवलं. नाव नीट दिसत होतं.

"नॉमिनी म्हंजी काय पण?"

"तिला काही झालं तर पैसे कुणाच्या हातात द्यायचे, तो."

"कुणाला काय झालं तर?"

त्यानं मानेनं नातीकडं दाखवलं. ती ओट्याखाली चप्पल शोधत होती.

"काट ते."

"मामा, कुणाचं तरी टाकावंच—"

"काट म्हनलं ना! तिचे पैसे घ्यायला मी ऱ्हायलोय का हितं? आदी काट!"

माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार. सूनबाई हात पुसत बाहेर आली. भाच्यानं तिला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "माझं टाका."

मी म्हणालो, "अगं, त्याचा अर्थ काय हाय, कळतंय का तुला?"

"कळतंय, मामंजी. ती रोज पहाटं बाहेर पडती, तवापास्नं परत येस्तोवर माझ्या मनात तेच असतंय. कागदावर लिवल्यानं त्यात काय वाढणार न्हाई." आणि तिनं आपलं नाव सांगितलं. जन्मतारीख तिला तोंडपाठ होती.

भाच्यानं टाईप केलं. मालक एक बाई, नॉमिनी एक बाई. त्यानं खालीवर करून सगळं पुन्हा वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, आता तुमचं नाव कुठंच नाही. चालेल ना?"

मी म्हणालो, "तुझा चहा गार झाला."