सहा स्पीडचं ऑटोफीड

माझ्या बायकोचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लग्नकार्यात बायका विचारतात, "पडलात का हो कुठे?" ती हसून म्हणते, "वय झालं आता." वय कसलं डोंबलाचं! तो खांदा मी घालवला. माझ्या हुशारीपायी गेला तो. मी शेजारीच बसून पुढ्यातली जिलबी खात राहतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीतली नोकरी सोडून मी अंबडच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला आणि भंगार बाजारातून एक मिलिंग मशीन आणलं. मशीन दणकट होतं, पण टेबल आपोआप सरकवणारा गिअरबॉक्स कोणीतरी आधीच काढून विकलेला. म्हणजे जॉब, कापायचा लोखंडी तुकडा, टेबलावर बांधायचा, वर कटर फिरणार, आणि टेबल मात्र आपण हँडल फिरवून कटरखालून न्यायचं. फूटभर प्लेटला साठ फेरे. तेही एका चालीने. हात जरा अडखळला की जॉबवर रेघ उमटलीच. "महिन्याभरात ऑटोफीड बसवतो," असं मी गाळ्याच्या पूजेलाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

शेजारच्या गाळ्यात एक वेल्डर होता, येवल्याकडचा. पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर त्याने मला उपाय सांगितला. "भाऊ, द्वारकेच्या भंगारवाल्याकडनं ट्रकची जुनी वायपर मोटर आण. लाव हँडलच्या जागी. लय डोकं नको लावू." मला हसूच आलं. मी कंपनीत सहा स्पीडच्या ऑटोफीडवर काम केलेला माणूस! "अरे, मिलिंग आहे ते, टेम्पो नाही," मी म्हणालो. "बरं, तुझं तू बघ," म्हणत त्याने बशीतला चहा संपवला आणि गेला.

हँडल फिरवायला ठेवलेला माणूस पंधरा दिवसांत गावी गेला तो परत आलाच नाही. ही तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन यायची. एकदा मला ड्रिलवर अडकलेलं पाहून म्हणाली, "द्या इकडे, तेवढं मी फिरवते." फिरवलं, आणि प्लेट माझ्यापेक्षा गुळगुळीत आली. पोळ्या लाटणारा हात तो. कुठे किती जोर द्यायचा, हे त्याला शिकवावं लागलं नाही. पुढे गिऱ्हाइकाने फिनिशिंगची तारीफ केली, तेव्हा ती मी निमूटपणे स्वतःकडे घेतली. मग ती सकाळीच माझ्यामागे स्कूटरवर बसून गाळ्यावर यायला लागली. थोडेच दिवस, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

मी ग्राफपेपर आणला. सहा स्पीड, दोन्ही दिशा, टोकाला आपोआप थांबणं, शिवाय मोकळं टेबल झटकन मागे आणायला वेगळी दांडी. नमनालाच घडाभर तेल. संध्याकाळी ओळखीचे लोक चहाला आले की मी ड्रॉइंग उलगडायचो. "वा, काय डोकं आहे!" लोक म्हणायचे. त्या 'वा'ची मला चटकच लागली. त्यांच्या पाठीमागे ही हँडल फिरवत असायची. कोणीतरी म्हणायचं, "वहिनींचे कष्ट वाचतील आता." मी म्हणायचो, "अहो, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं." आणि मला ते मनापासून खरं वाटायचं.

दसऱ्याला आम्ही मशीनला झेंडूचा हार घालून पूजा करायचो. पहिल्या दसऱ्याला मी जाहीर केलं, पुढच्या वर्षी ऑटोफीडचीही पूजा. दुसऱ्या दसऱ्याला दोन गिअर तयार होते, तर मी त्या गिअरांनाच हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्याला ते दोन्ही बाद करून नवीन ड्रॉइंग सुरू केलेलं. हाराला गाठ मारता मारता ही म्हणाली, "अहो, मला सहा स्पीड नकोत. एकच द्या. कुठलाही चालेल."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

माझी आई पूजेला आली होती. ती स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." मला असा राग आला की मी प्रसाद न घेताच बाहेर जाऊन उभा राहिलो.

चौथ्या वर्षी प्लेटांवर रेघा दिसायला लागल्या. एक अख्खा लॉट परत आला. मी प्लेट हिच्या तोंडासमोर नाचवत ओरडलो, "लक्ष कुठे असतं तुझं? एवढं साधं काम आहे!" तिने माझ्या हातातली प्लेट घेतली, पुन्हा बांधली आणि हँडल फिरवायला लागली. आरडाओरडा ऐकून वेल्डर दारात येऊन उभा राहिला होता. त्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"भाऊ, वहिनी दोन महिने झाले डाव्या हातानं फिरवतीय. तुला दिसत नाय का?"

नव्हतं दिसलं. देवाशपथ नव्हतं दिसलं. जॉबवरची केसाएवढी रेघ मला लांबून दिसायची, आणि ही बाई दोन हातांवर माझ्यासमोर होती. घरी गेल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, आईची वेणी कधीपासून मीच घालते. तिचा हात मागे जातच नाही." डॉक्टरांनी खांदा हलवून पाहिला तेव्हा ही ओठ दाबून बसली. "पार आखडलाय," ते म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" तिचं काम त्या दिवसापासून बंद झालं.

पुढच्या शनिवारी एमआयडीसीला सुट्टी होती. मी सकाळी द्वारकेला गेलो आणि ट्रकची जुनी वायपर मोटर उचलली. वेल्डरने सुट्टी सोडून दुपारपर्यंत ब्रॅकेट मारून दिलं. एक जुना बॅटरी चार्जर, दोन बटणं, टोकाला थांबायला एक स्विच. दिवेलागणीच्या आधी टेबल आपलं आपण चालायला लागलं. स्पीड एकच होता. प्लेट लावून पाहिली, तर एक रेघ नाही.

रविवारी हिला मुद्दाम गाळ्यावर नेलं. मला तिला खूश करायचं होतं. बटण दाबलं आणि बाजूला सरलो. टेबल संथपणे सरकायला लागलं. पहिला नंबर आलेल्या पोरासारखा मी छाती काढून म्हणालो, "बघ! एका दिवसात उभं केलं."

"एका दिवसात?" ती म्हणाली.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी वर तपशील दिला: सकाळी मोटर, दुपारी ब्रॅकेट, संध्याकाळी चालू. ती ऐकत होती. टेबल टोकाला जाऊन थांबलं. तिने उजवा हात डाव्याने धरून पोटाशी घेतला होता.

"मग हे तेव्हाच का नाही केलंत हो?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडत नव्हती. यंत्रातलं काहीतरी कारण असणार, आपल्याला न कळणारं, याची तिला खात्री होती, आणि ते ऐकायला ती माझ्याकडे बघत थांबली होती. चार वर्षं उगाच गेली नसणार, एवढंच तिला माझ्या तोंडून हवं होतं. दारात वेल्डर उभा होता. तो मान खाली घालून निघून गेला.

"तेव्हा असल्या मोटरी मिळायच्या नाहीत," मी म्हणालो.

"असं होय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.