रेतीच्या होडीचे लोखंडी खुंट

माझं लग्न झालं त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर माझे सासरे होडीत मेले. कल्याणच्या खाडीत, किल्ल्याखालच्या काठाला आमची शिडाची होडी लागायची आणि रेती भरून ठाण्याला जायची. त्या दिवशी वारं एकाएकी फिरलं. शिडाच्या आडव्या लाकडाचा दोर ज्या खुंटाला बांधलेला, तो खुंट डेकच्या फळीतून उपटून आला आणि ते लाकूड वरून सासऱ्यांच्या डोक्यावर कोसळलं. सुकाणूवर थोरले दीर होते. एका हाताने सुकाणू धरून, बापाचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी होडी काठाला आणली. दिरांचा रक्ताने भरलेला सदरा सासूबाईंनी माझ्यापुढे धुवायला टाकला. मी दोनदा पाण्यातून काढला, डाग निघेनात, शेवटी चुलीत घातला.

पावसाळाभर होडी चिखलात ओढून ठेवलेली. घरात दोन भाऊ एका ताटाला बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलले की होडीवरूनच.

"तिने बापाला खाल्लं," दीर म्हणायचे. "तोडून सरपणाला लावू."

"होडीने नाही, खुंटाने खाल्लं," आमचे हे म्हणायचे. "तीन खिळ्यांवर उभा होता तो, दादा."

ते खिळे सासऱ्यांनीच मारलेले. ते मात्र दोघांपैकी कोणीच बोलायचं नाही.

पाऊस सरला तसं ह्यांनी मनावर घेतलं. विठ्ठलवाडीच्या पलीकडे लढाईतली लष्करी छावणी होती, तिथे आता फाळणीतले निर्वासित येऊन राहिलेले. त्यांच्यातल्या एका भंगारवाल्याकडून ह्यांनी दोन लोखंडी खुंट आणले, दोन भक्कम कड्या, एक मोठी कप्पी आणि वीतभर लांबीचे बोल्ट. आता खिळे नकोत म्हणाले. बोल्ट फळीतून आरपार जाणार, खाली लोखंडी पट्टी, पट्टीखाली नट. मग खुंट उपटायचा तर सगळं डेकच उपटावं लागेल.

हे काम एकट्याने होत नाही. वरून एकाने बोल्टचं डोकं पान्यात धरायचं आणि खालून दुसऱ्याने नट आवळायचा. डेकखालची पोकळी एवढी अरुंद की आमचे हे खांद्याशीच अडकले. मी काटकुळी होते. लुगडं घट्ट खोचून मी आत शिरले.

आत माशांचा, राळेचा आणि जुन्या पाण्याचा वास. पाठीवर पडून, तोंडावर लाकडाचा भुसा झेलत मी नट आवळायची. वरून हे विचारायचे, "बसला का गं?" मी पान्याने फळीवर एक टोला द्यायची. टोला म्हणजे बसला. त्या काळोखात मला बरं वाटायचं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी पक्कं होत होतं.

पहिला खुंट बसला. दुसऱ्याच्या पट्टीची भोकं जुळेनात, म्हणून हे पट्टी घेऊन बाजारात लोहाराकडे गेले. मी आतच राहिले. पहिल्या खुंटाचे नट अजून एकेक फेरा आवळून घ्यावेत म्हटलं. सुटे नट हरवू नयेत म्हणून दोन तोंडात धरलेले.

वर पावलं वाजली. मला वाटलं, हेच आले.

मग डोक्यावरच्या फळीवर घाव बसला. सगळी होडी दणाणली. दुसऱ्या घावाला भुसा आणि चिरफळ्या डोळ्यांत गेल्या. नट थुंकून मी ओरडले, "अहो, मी आत आहे!" तिसऱ्या घावाला फळी फुटली आणि कुऱ्हाडीचं पातं माझ्या कानाशेजारी आत आलं. त्याच्या धारेवर ऊन चमकत होतं. पातं अडकलं. वरचा माणूस ते हिसकत होता आणि शिव्या देत होता. तेव्हा आवाज ओळखला. दीर होते.

मी कोपरांवर सरपटत बाहेर आले. पाना हातातच होता. कुऱ्हाड सुटलेली आणि ते ती पुन्हा डोक्यावर उचलत होते, खुंटावर घालायला. तोंडाला फेस, डोळे बापाच्या मयतीला होते तसे. मला पाहून ते थांबले की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी थांबले नाही. दोन्ही हातांनी पाना फिरवला आणि त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कुऱ्हाड चिखलात पडली.

त्यांनी दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि मला डोलकाठीवर आपटलं. माझी भुवई फुटली, डोळ्यांत रक्त उतरलं. तेवढ्यात हे आले. हातात लोहाराकडची पट्टी होती, तीच त्यांनी भावाच्या पाठीत घातली. दोघं होडीवरून खाली चिखलात कोसळले आणि जनावरांसारखे लढले. ह्यांनी भावाचं तोंड चिखलात दाबलं, सोडेनात. शेजारच्या होडीवरचे रेतीवाले धावले. तिघांनी मिळून ह्यांना ओढलं तेव्हा दीर श्वास घेऊ शकले.

घरी सासूबाईंनी माझ्या एक थोबाडीत दिली. मग हळद दाबून भुवईचं रक्त थांबवलं. 

चार दिवसांनी गावकी बसली. दीर हाडवैद्याच्या कामट्या बांधलेला हात गळ्यात अडकवून आलेले. एक म्हातारा मला म्हणाला, "थोरल्या दिरावर हात टाकलास. काय सांगायचंय?"

"मी डेकखाली होते," मी म्हटलं. डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, पण मान खाली घातली नाही. "ओरडले, तरी कुऱ्हाड माझ्यावर येत होती."

"ती आत आहे हे मला ठाऊक नव्हतं," दीर म्हणाले.

"ओरडली म्हणते ती. ठाऊक असतं तर थांबला असतास?" म्हाताऱ्याने विचारलं.

 दीर म्हणाले, "मला सांगता येत नाही. मला तेव्हा फक्त तो खुंट दिसत होता."

 मला त्यांचा राग होता, तो तिथेही गेला नाही. पण ते खोटं बोलले नाहीत, हे मी मनात नोंदवलं. गावकीने होडी आम्हाला दिली आणि घर त्यांना. आम्ही काठाजवळ झोपडं बांधलं. फुटलेल्या जागी नवी फळी बसवली, फटींत कापूस ठोकून राळ भरली आणि दुसरा खुंट मी आणि ह्यांनी मिळून आवळला. होडी पुढे कितीतरी वर्षं रेती घेऊन ठाण्याला गेली.

दिरांचं मनगट वाकडंच जुळलं. होडीच्या वाटेला ते पुन्हा आले नाहीत. सासूबाई वारल्या तेव्हा तिरडीला दोघा भावांनी मिळून खांदा दिला. स्मशानातून परतल्यावर दीर माझ्यापाशी थांबले, माझ्या भुवईवरच्या वणाकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरांना घेऊन जेवायला या." आम्ही गेलो. जेवण झालं आणि जमेल तसं बोलणंही झालं. आईबद्दल बोललो. बापाचा विषय कोणी काढला नाही.